परमुलखातल्या निवडणुकीतला माझा वाटा

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. लेकीकडे जाऊन तुला आठवडा झाला, तिथल्या मोकळ्या हवेत खोकला उतरला असेल. वहिनीलाही नमस्कार सांग. इकडे छापखान्यात बायंडिंगच्या खोलीत खळीचा वास आणि कागदाची धूळ आहे तशीच आहे. तू संघटनेचा चिटणीस झाला असतास तर तिथे पंखा लागला असता, हे आता तुझ्याविरुद्ध मत दिलेलेही खोकत खोकत कबूल करतात. एकवीस विरुद्ध वीस! बेचाळीस जणांत एक जण मताला फिरकलाच नाही. आपल्याकडे सह्या घेत नाहीत, त्यामुळे तो कोण ते कळायला मार्ग नाही. पण त्या दुपारी कटिंग मशीनवाला दाढ काढायला गेला होता, एवढ्यावरून तू त्याच्याशी बोलणंच टाकलंस. वीस वर्षं तुमची टेबलं शेजारी. बिचारा सुजलेला गाल धरून तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसतो.

माझं म्हणशील तर मी नुकताच एका परदेशाच्या निवडणुकीतून मोकळा झालोय. (तो देश मला नकाशात दोनदा सापडला, दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी.) फोनवर तिथल्या एका उमेदवाराच्या फोटोखाली कुणीतरी धडधडीत चुकीचा आकडा लिहिला होता. माझा जन्म प्रूफं तपासण्यात गेला, चूक दिसली की हात शिवशिवतात. मी दुरुस्ती केली. त्यावर एक शाळामास्तर माझ्या अंगावर आले, त्यांच्यावर मेंढ्या पाळणाऱ्या एक बाई धावून गेल्या, मग एक निवृत्त खलाशी मध्ये पडला. फोन सगळ्यांचं भाषांतर करून देत होता, त्यामुळे कुणाचाही अपमान वाया गेला नाही. अकरा दिवस आम्ही त्या देशाचं भलं करत होतो. बाराव्या दिवशी बाईंनी विचारलं, आपल्यात मत कुणाला आहे? मग एकेकानं आपापला देश सांगितला. सात जण, सात देश, आणि तिथे मत एकालाही नाही. आमचा माणूस दोन लाखांनी निवडून आला. त्याला आमची खबरही नव्हती.

थांबतो. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : कटिंग मशीनवाला पेटी ठेवताच पहिलं मत टाकून मग दाढ काढायला गेला. माझ्या खोलीच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलं.

ता. क. २ : पेटी बंद झाली तेव्हा मी त्याच खोलीत होतो. मतदान हे माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, असं मास्तरांना समजावत होतो. (मी आलो असतो तरी बरोबरीच झाली असती, मग चिठ्ठी काढावी लागली असती, आणि चिठ्ठीत तुझं नाव कधी निघालंय? हे लिहून पाहिलं, पण लाज काही कमी झाली नाही.) संध्याकाळी तू मला विचारलंस, कोण आलं नसेल रे? आणि मी खांदे उडवले.

ता. क. ३ : त्याला आजच फोन कर, दादा. माझ्याशी हवं तर महिनाभर बोलू नकोस. तुझ्या अबोल्याची मला लहानपणापासून सवय आहे, त्याला नाही.