उशाशी कोण होतं

अप्पर हट,
२ मार्च २०२६

ती. आनंदीवन्सं यांस,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

प्राचीने फोटो काढून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. नातीला म्हणावं, फोटोत बोट येऊ देऊ नकोस. गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते नेमकं बोटाखाली गेलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत असतं तर विचारलं असतं. आता सविस्तर लिहा.

इकडची बातमी मोठी आहे. आमच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहून शिकलेली सोलोंगो आठवते ना? ती बहुतेक मंगोलियाची पंतप्रधान होणार. वय पस्तीस. इथून गेली, गावोगाव विहिरी आणि पाण्याचं काम केलं, मग उलानबातरच्या महापालिकेत निवडून आली, मग संसदेत, मग मंत्री. बारा तारखेला तिचा पक्ष मतदान करून नाव ठरवणार आहे. मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले आणि काउंटरवरच्या मुलाला सांगून आले. त्याला मंगोलिया कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण "स्वीट अ‍ॅज" म्हणाला. इथे आनंद झाला की असंच म्हणतात.

ती मंत्री झाली तेव्हा लायब्ररीतून पुस्तक आणून मी त्यांची पस्तीस अक्षरं शिकले. सातवीत शाळा सुटलेल्या बाईचे हे उद्योग, हसा तुम्ही. शब्द कळत नाहीत, पण तिचं नाव लांबून ओळखते. मग तो मजकूर फोनकडून इंग्रजीत करून घेते आणि डिक्शनरी घेऊन बसते.

काल तसंच एक वाचलं आणि जेवण गेलं नाही. तिथल्या एका वर्तमानपत्राने विचारलंय की २०१५ साली हिने अभ्यास मध्येच का सोडला. ती म्हणते घरात आजारपण होतं. पण तिच्या घरी त्या वर्षी कोणीच आजारी नव्हतं. म्हणजे ही खोटारडी, आणि खोटारड्या बाईच्या हाती देश कसा द्यायचा, असं. तिने पुढच्या वर्षी पदवी घेतली हे ते लिहीत नाहीत. आणि ती काही उत्तर देत नाही.

लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

आपली,
शकू

•

मिरज,
४ मार्च

चि. शकू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

गुडघा म्हाताऱ्या बाईचा असतो तसा आहे. त्यात सविस्तर काही नाही.

जी मुलगी तुझी करपलेली थालीपिठं खाऊन तीन वर्षं टिकली ती कुठल्याही देशाचं राज्य करील. मी प्राचीकडून नकाशा काढून घेतला. बराच मोठा देश आहे की गं! आणि माणसं पुण्याहून कमी. शेजारच्या रणजितला सांगितलं, तर म्हणतो, आजी, तुमची ओळख आहे तर घोडा मागवा.

पण तू अशी घुम्यासारखी का बसलीस? मुलगी तुझ्या घरात राहत होती, खरं कारण तुला ठाऊक असणारच. वर्तमानपत्राला लिही. रमण असता तर पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झाला असता. त्याच वर्षी तो गेला म्हणून बाकीचं तुला आठवत नसेल, तर आठव. मला त्या वर्षातलं एकच आठवतं आणि तेवढ्यावर माझं चाललंय, की नितीशने त्याच्या तोंडात पाणी घातलं. मला येता आलं नाही, पण मुलगा उशाशी होता. परदेशी गेलेली मुलं परकी होतात असं कोणी म्हणालं की मी आमच्या नितीशचं नाव घेते.

खरं सांगायला कसली भीती? लिहिलंस की नक्कल मला पाठव.

आशीर्वाद आहेतच, पण पत्राला उशीर केलास तर परत घेईन.

आनंदी

•

अप्पर हट,
७ मार्च

ती. आनंदीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

मला आडून लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. हे गेले तेव्हा नितीश इथे नव्हता. पर्थला होता. त्याचं तिकीट शनिवारचं होतं आणि हे बुधवारी गेले.

ह्यांचा कॅन्सर जुलैत कळला. मी पहाटे बेकरीत कामाला जायची, आणि गाडी मला तेव्हाही येत नव्हती. सोलोंगोने युनिव्हर्सिटीतून त्या सत्रापुरतं आपलं नाव काढून घेतलं. अकरा आठवडे तिने ह्यांना दवाखान्यात नेलं-आणलं, दाढी केली, चादरी बदलल्या. ह्यांना ती "आव" म्हणायची, त्यांच्यात वडिलांना तसं म्हणतात. घरात आजारपण होतं हे ती खोटं बोललेली नाही. ते घर आपलं होतं.

त्या सकाळी मी फार्मसीत औषध आणायला गेले होते. म्हणजे मीही नव्हते. परत आले तेव्हा उशाशी पाण्याची वाटी होती आणि चमचा ओला होता. ती सांगायला लागली. मीच हात करून थांबवलं. पुढेही कधी विचारलं नाही. ऐकलं असतं तर मी नव्हते हेही ऐकावं लागलं असतं.

तेव्हा तुम्हाला फोनवर ऐकू यायचं. तुम्ही रडत पहिलंच विचारलंत की नितीश होता ना, पाणी त्यानेच दिलं ना. मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि सोलोंगोकडून वचन घेतलं की हे कोणाला कळता कामा नये. ते ती आजही पाळते आहे. पंतप्रधानपद जायची वेळ आली तरी तिने मला साधा फोन करून मोकळं कर म्हटलं नाही.

वन्सं, मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आहे. आधी नितीशला पाठवलं, कारण छापून आलं की नाव त्याचंही जाणार. पण तो नको म्हणाला तरी मी ते पाठवणार. त्याची लाज झाकायला मी दहा वर्षं तुम्हाला फसवलं. आता त्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य घेणार नाही. तुम्ही रागवाल. रागवायलाच हवं.

दर पत्रात लोभ वाढावा म्हणून लिहिते. आज आहे त्यातला थोडा राहिला तरी चालेल.

आपली,
शकू

•

पर्थ,
९ मार्च

ती. आईस,
नितीशचा सा. न. वि. वि.

असंच सुरू करायचं ना? मी शेवटचं मराठी पत्र बाबांना लिहिलं होतं, शाळेच्या कॅम्पवरून, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घरी विसरलो आणि पोहायला मिळत नाही म्हणून. बाबांनी दीड तास गाडी चालवून आणून दिले होते.

तुझं पत्र वाचलं. त्यात एक वाक्य चूक आहे. तू लिहिलंस की मुलाला वेळेवर तिकीट मिळालं नाही. आई, तिकीट मिळत होतं. रविवारचं होतं, सोमवारचंही होतं. नोकरी नवीन होती, बॉसला सुट्टी मागायची लाज वाटली आणि शनिवारपर्यंत बाबा थांबतील असं मी आपलं धरून चाललो. सोलोंगोने मला तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा मी उचलला नाही.

ते वाक्य मी खोडलं आणि हे लिहिलं. तिकिटाचा जुना ई-मेल जोडला, खाली तुझ्या सहीशेजारी माझी सही केली आणि काल वर्तमानपत्राला आणि तिच्या पक्षाला पाठवून दिलं. तुला विचारलं नाही, सॉरी. ती चिडली तर तिला सांग की वचन तिने दिलं होतं, मी कोणाला दिलं नव्हतं.

आत्या दर भाऊबीजेला मला पत्र लिहिते की तू होतास म्हणून मला झोप येते. त्यातलं एकही मी पूर्ण वाचलेलं नाही. आत्याला मीच लिहितो. तू मध्ये पडू नकोस.

बाकी हीप्स लव्ह. याला मराठीत काय म्हणतात ते तू बघ.

तुझा,
नितीश

•

अप्पर हट,
१८ मार्च

ती. आनंदीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही. प्राची लिहिते की तुम्ही जेवता-खाता, पण माझं नाव निघालं की उठून जाता. बरोबर आहे. तरी बातमी कळवायची ती कळवते.

सोलोंगो पंतप्रधान झाली. दहा तारखेला आमचं पत्र तिथे छापून आलं, दोघांच्या सह्यांसकट. पक्षात तिला चोवीस मतं जास्त पडली. काल शपथ झाली. निळा पायघोळ अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा, आणि चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. मी लॅपटॉपसमोर उभी राहून पाहिली. बसून पाहवेना. हे असते तर गल्लीभर पेढे वाटले असते. मी सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानातून कुरिअरने मागवले आणि वाटले.

छापून आलं त्या दिवशी तिचा फोन आला. आधी मला पुष्कळ बोलली, की हा निर्णय तिचा होता आणि मी तो तिच्या हातून काढून घेतला. मग रडली. मग मिरजेच्या मोठ्या बाईंना हे कळलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कळलं, आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यावर ती म्हणाली की त्यांच्याकडेही थोरल्या बहिणी अशाच असतात.

मला तिचा अभिमान आहे हे जगाला दिसतंय. पण वन्सं, त्याहून थोडा जास्त मला नितीशचा वाटतो, आणि हे मी फक्त तुम्हालाच लिहू शकते.

लोभाचं मागत नाही. वाट पाहते.

शकू

•

मिरज,
२३ मार्च

चि. शकू हिस,
आ. वि. वि.

तुझ्याशी मी अजून पुरती बोलत नाही. नितीशचं पत्र आलं. त्याला वेगळं उत्तर लिहिलं आहे आणि ते तुला दाखवायचं नाही अशी ताकीद दिली आहे. खालचा मजकूर त्या मुलीला पाठव. इंग्रजीत नितीशने करावा. फोनकडून करून घेऊ नका, त्याला आमच्या घरातलं काय कळणार?

चि. सोलोंगो हिस,
मिरजेहून रमणच्या थोरल्या बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तू मोठ्या पदावर बसलीस, तिथे नीट बस. आमच्या घराण्यात एवढं मोठं अजून कोणी झालं नव्हतं.

आता माझं काम. दहा वर्षं मी एकच गोष्ट विचारत आले आणि ती चुकीच्या माणसाला विचारत होते. रमण तुझ्यासमोर गेला. पाणी त्याने गिळलं का? तू किती चमचे घातलेस? त्याने डोळे उघडले का? खिडकी उघडी होती का बंद? तुझा हात त्याच्या हातात होता का? काही म्हणाला असेल आणि तुला कळलं नसेल, तर तसं लिही. मी समजेन. माझ्या भल्यासाठी म्हणून काही गोड करून लिहू नकोस, तसलं मी पुष्कळ ऐकलं आहे. शकूनेही हे कधी ऐकलेलं नाही. आम्ही दोघी एकदमच वाचू.

देशाचा कारभार आधी कर आणि सवडीने उत्तर दे. पण मी एक्याऐंशी वर्षांची आहे, तेव्हा फार सवडीनेही नको.

तुझी आत्या,
आनंदी