दोन काठ्यांचा तंबू कोणाकडे जाईल

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वय सदुसष्ट, राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, खुशीत आणि पाठपिशवी भरून झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. "आधी मृत्युपत्र कर, मग काय डोंगर चढायचेत ते चढ," असे लेकीने ठणकावले. त्याला दबाव नव्हे, आग्रह म्हणतात असे वकिलांचे मत पडले. उद्या पहाटे मी एकटी, डोंगराच्या माथ्यामाथ्याने, लांबच्या वाटेला लागते आहे. अक्षर हलले आहे ते वयाने नव्हे. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत असताना वाटण्या लिहिणे सोपे नाही.

कलम १. दोन खोल्या, दुकान, शिलाईयंत्र आणि बँकेतली शिल्लक आधीपासूनच आम्हा मायलेकी दोघींच्या नावावर आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. "मग मृत्युपत्र करायचं तरी कशाचं?" वकिलांनी विचारले. मी म्हटले, "तंबूचं." त्यांनी चष्मा काढून पुसला.

कलम २. मिळकतीचे वर्णन. तंबू एक, राखाडी, एका माणसाचा, अडचणीत दोघांचा. घडी केली की उशीच्या अभ्र्यात मावतो. त्याला स्वतःचे खांब नाहीत. चालायच्या ज्या दोन काठ्या दिवसभर माझे गुडघे सांभाळतात, त्याच मुक्कामाला छप्पर धरतात. ही युक्ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दुकानातच टाळी वाजवली होती.

विकत आणला तेव्हा ते नुसते कापड होते. तंबू मी केला. त्याच्या कडा सरळ कापलेल्या होत्या, त्यामुळे वारा आला की पोट सुटायचे आणि फडफड चालायची. जन्मभर पडदे शिवलेल्या बाईला हे कसे बघवेल? मी कडा आत वळत्या कापल्या. आता चारी कोपरे ओढले की कापड कसे ताठ उभे राहते! काठीचे टोक शेंड्याला रुतून भोक पाडेल म्हणून तिथे आमच्या ह्यांच्या जुन्या पट्ट्याचे कातडे लावले. हे हयात असताना कधी टेकडी चढले नाहीत. आता निदान पट्टा तरी चढतो.

एक गोष्ट मात्र शिंपिणीच करू जाणे. शिवण्याआधी सवयीने मी सगळीकडे टाचण्या लावल्या. साध्या कापडात टाचणीचे भोक मिटते, या पाणरोधक कापडात ते कायमचे राहते. पहिल्या पावसात अंगावर थेंब पडू लागले, तेही सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर. हाताच्या सफाईचे कौतुक करावे की डोके धरावे ते कळेना. मग घरी येऊन सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ केले आणि बारीक ब्रशने एकेक भोक बुजवले. आता टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावते.

कलम ३. माझा धाकटा भाऊ. हा तंबू पाहून "ताई, हा तंबू आहे की वाळत घातलेली चादर?" असे चारचौघांत म्हणणारा हाच. एकदा हौसेने बरोबर आला. सकाळी मी आत झोपलेली असताना स्वारी समोरचे टोक बघायला निघाली आणि जाताना आधाराला म्हणून दोन्ही काठ्या उपसून, मागे वळून न बघता घेऊन गेली. छप्पर माझ्या तोंडावर. मी धडपडत दार शोधते आहे, तोवर हा परतला आणि हाका मारू लागला, "ताई, तंबू आवरून कुठे गेलीस गं?" एवढे म्हणून दमून खाली बसला तो माझ्या पायावर. त्यानंतर मी शेंड्याला बाहेरून एक कडी शिवली. काठ्या कोणी पळवल्या तरी झाडाच्या फांदीला दोरी बांधून तंबू टांगता येतो. या सुधारणेचे श्रेय त्याचे. त्याला माझा जुना, लोखंडी दांड्यांचा तंबू द्यावा आणि तो त्यानेच उचलून न्यावा.

कलम ४. शेजारच्या मास्तरीणबाईंना, ज्यांनी जन्मभर भूमिती शिकवली, माझी मोठी कात्री. खुंटी तंबूपासून उलट्या बाजूला कललेली ठोकावी, म्हणजे ओढ बसली तरी ती उपटून येत नाही, हे त्यांनी मला फळ्यावर कोन काढून शिकवले. कात्रीवर त्यांचा कधीपासून डोळा आहे.

कलम ५. तंबू माझ्या एकुलत्या एका लेकीला.

तिने तो असा उभा करावा. निमुळती बाजू वाऱ्याकडे. आधी चार कोपरे, खुंट्या सैल हाताने. मग आत शिरून पहिली काठी उभी करायची. तंबू वेडावाकडा दिसेल, घाबरायचे नाही. दुसरी काठी लागली की सगळे ताळ्यावर येते. ओलाव्याने हे कापड सैलावते, म्हणून दोऱ्या आतूनच ओढता येतील अशा शिवल्या आहेत. आडवे पडून हात लांब कर, तुला सापडतील.

लेक लिफ्ट दुरुस्त करते. स्वतः दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात दोरखंडाला लटकते आणि मला सांगते, "आई, जपून." वाट ठरवल्यापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. "दूध आणलंय." "दिवा घालव." तंबूकडे तिने मान वळवून पाहिलेले नाही. मला जायला तिच्या परवानगीची गरज नाही. पण तिने तोंड फिरवलेले असताना उंबरा ओलांडणे मला जड जाणार आहे, आणि हे तिला तोंडावर सांगवत नाही म्हणून इथे लिहिते.

कलम ६. साक्षीदार. दोन हवेत. एक तळमजल्यावरचे घड्याळवाले. दुसऱ्या मास्तरीणबाई ठरल्या होत्या, पण साक्षीदाराला मिळकतीतले काही मिळत नाही असे वकिलांनी सांगताच त्यांनी पेन खाली ठेवले. "मग मी नाही सही करायची. मला कात्री हवीय."

तेवढ्यात लेक कामावरून आली. हाताला ग्रीस तसेच. वरचा सगळा मजकूर तिने उभ्यानेच वाचला, कलम पाच दोनदा वाचले, आणि पेन उचलले.

वकील म्हणाले, "अहो, तुम्ही साक्षीदार झालात तर तंबू तुम्हाला मिळणार नाही."

"नकोच आहे," ती म्हणाली. "तो मला मिळायचा म्हणजे हिला काहीतरी झालेलं असायला हवं. कुठंय, सही कुठं करायची?"

तिने सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा ठसाही उमटला.

वकिलांनी मग मला विचारले, आता तंबूचे काय लिहायचे, तो कोणालाच जात नाही. मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "लिहा, ती स्वतः परत आणेल."

"असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"लिहा हो. मी साक्षीदार आहे."

म्हणून कलम ५ रद्द. त्याऐवजी असे वाचावे: सदर तंबू, दोन्ही काठ्यांसह, मी स्वतः घरी परत घेऊन येईन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे, कलम ५ सर्वांत जास्त.

ठिकाण: दुकान, कापणीचे टेबल
दिनांक: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

सही: शिंपीण

साक्षीदार १: घड्याळवाले
साक्षीदार २: मुलगी. मिळकतीत वाटा: काही नाही.