काचेबाहेरचा वैमानिक

वर्धा, मंगळवार, संध्याकाळ

हे जाऊन तीन महिने झाले. ह्यांचं अर्धवट राहिलेलं विमानाचं मॉडेल आज मी पुरं केलं. पंख ह्यांनीच जोडले होते. मी वरची काच चिकटवली, राखाडी रंग मारला. वाटलं, चला, एक काम तरी ह्यांच्या मनासारखं झालं.

मग दवाखान्यातून आणलेली पिशवी एकदाची उघडली. गोळ्यांच्या डबीत, कापसावर, वैमानिक! बोटाच्या पेराएवढा. सावंगीला ॲडमिट असताना, सलाइन लावलेल्या हाताने ह्यांनी तो रंगवला होता. मिशीसकट. स्वतःचीच मिशी दिली होती त्याला.

काच लावायच्या आधी त्याला आत बसवायचं असतं. मॉडेलसोबतच्या सूचनांच्या कागदावर त्या पायरीपुढे ह्यांची पेन्सिलची खूण होती, म्हणून मी सरळ पुढे गेले. खूण रंगवल्याची होती, बसवल्याची नव्हती. मी आत डोकावून पाहिलं काऊन नाई? आता काच फोडल्याशिवाय तो आत जात नाही.

रडतच सासूबाईंना दाखवलं. त्यांनी डबी हातात घेतली, त्या मिशीवरून हळूच बोट फिरवलं.

"राहू दे वं," म्हणाल्या. "याले आता कुठी जाऊ नोको देऊ."