लिंबाच्या अडतीस नळ्या

गाझियाबाद,
रविवार, २० एप्रिल

प्रिय उन्मेष,

तुझा पत्ता आपल्या लॅबमधल्या राघवकडून घेतला. तो सुखासुखी देत नव्हता. 'मॅडम, छोडिये ना, आता तो सेटल झालाय,' म्हणाला. दोन दिवस त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे त्याने पानिपतचा पत्ता लिहून दिला. तू तिथे कारखान्यांतून येणारं रंगाचं पाणी तपासतोस, एवढंही सांगितलं. फोनही करता आला असता. पण तू 'हो मॅडम, हो मॅडम' करत राहिला असतास आणि मी अर्ध्यावरच गप्प बसले असते. सहा वर्षांपूर्वी मी तुझी अडतीस रीडिंग्ज खोटी ठरवली आणि तुझं नाव शोधनिबंधातून काढलं. हे पत्र त्याबद्दल आहे, एवढं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे तुला फाडून टाकायचं असेल तर इथेच टाक.

वाचतोयस असं धरून चालते. आपली संस्था आहे तशीच आहे. हवा तपासायचं यंत्र नवीन आलं, पण त्याचा एसी जुनाच, त्यामुळे मे महिन्यात यंत्राआधी आपणच बंद पडतो. कुंपणालगतची लिंबाची झाडं तोडून तिथे पार्किंग केलंय. मी सप्टेंबरात निवृत्त होतेय. खोली आवरायला घेतली आहे आणि तुझी हिरवी वही माझ्याच कपाटात निघाली. तू मागितली होतीस ती, आणि मी 'हरवली' म्हणून सांगितलं होतं. हरवली नव्हती, मला द्यायची नव्हती.

ती वही मराठीत लिहायला तुला मीच सांगितलं होतं, आठवतं? परांड्याहून आलास तेव्हा इंग्रजी स्पेलिंगच्या भीतीने तू एकेका नोंदीला पंधरा मिनिटं लावायचास. मी म्हटलं, मराठीत लिही, मला वाचता येतं. केवढी ऐट होती त्यात माझी! जन्म दिल्लीतला, शाळा दिल्लीतली, बाबा सचिवालयात. माझं मराठी म्हणजे गोल मार्केटच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई-बाबा जे बोलायचे तेवढंच. तरी तुझ्यापुढे मी मराठीची मक्तेदार. लोक विचारायचे, झाडांच्या श्वासात काय मोजता तुम्ही? तेव्हा तू त्यांना फार छान समजावायचास, की पानं ऊन लागलं की वायू सोडतात, ते गाड्यांच्या धुरात मिसळले की उन्हात त्याचा ओझोन होतो, म्हणून दिल्लीत कुठलं झाड लावायचं हे वासावर नाही, मोजून ठरवायला हवं. माझ्या भाषणात मी पुढे हेच वाक्य वापरत आले. कोणाचं आहे ते कधी सांगितलं नाही.

त्या मेमध्ये पारा चव्वेचाळीसला होता. भर दुपारी शिडीवर चढायचं, फांदीला पारदर्शक पिशवी बांधायची, पानांनी सोडलेली हवा बोटाएवढ्या स्टीलच्या नळीत ओढून घ्यायची, नळीला बूच मारून चिठ्ठी लावायची. शिरीष, अर्जुन, पॉपलर, आणि 'लिंब-१' ते 'लिंब-३८'. मधेच बहिणीच्या लग्नाला तू आठ दिवस गावी जाऊन आलास. तू परत आल्यावर मी नळ्या यंत्रावर लावल्या आणि लिंबाच्या नळ्यांत जवळपास काहीच नाही! लिंबूवर्गातल्या झाडांच्या पानांतून काय येतं हे आपल्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पान चुरडलं तरी खोली दरवळते. माझ्या डोक्यात एकच आलं, की हा पोरगा उन्हात गेलाच नाही. लग्नात नाचला आणि हॉस्टेलच्या खोलीतली हवा भरून नळ्या आणून ठेवल्या.

तुला खोलीत बोलावलं तेव्हा शिवांगी आणि चिन्मय, तुझ्यासोबतचे दोघेही समोर बसले होते. त्यांना बाहेर जा म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. मी म्हटलं, 'लिंबाच्या नळ्यांत काहीच कसं नाही?' तू अगदी शांतपणे म्हणालास, 'मॅडम, लिंबात एवढंच येतं. मी तीन वेळा बघितलं.' तुझा तो शांतपणाच मला डिवचून गेला. मला वाटलं, खोटं बोलतोय ते बोलतोय, वर मलाच शिकवतोय. मग मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं आठवत असणार. तू 'येतो मॅडम' म्हणून गेलास. महिन्याभरात हॉस्टेल सोडलंस. जाताना भेटला नाहीस, आणि मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

आता या महिन्यातलं सांगते. सुरुची नावाची एक मुलगी नवी आली आहे, बार्शीची. चार एप्रिलची गोष्ट. चहा घेत खिडकीत उभी होती आणि एकदम म्हणाली, 'मॅडम, लिंब काय फुललाय बघा!' मी म्हटलं, अगं, लिंबाची झाडं तर कधीच तोडली. तर ती हसायला लागली. 'हा काय समोर!' समोर गेस्ट हाउसच्या कुंपणाशी तो भला थोरला नीम उभा होता, पांढऱ्या मोहराने भरलेला. आमच्या घरी पाडव्याला तो कडुनिंब, आणि उरलेलं वर्षभर नीम. आणि लिंबाचं झाड म्हणजे लिंबूचं, सरबताच्या, लोणच्याच्या. कडुनिंबाला कोणी नुसतं लिंब म्हणतं हे मला अठ्ठावन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिला विचारलं, परांड्याकडेही असंच म्हणतात का? म्हणाली, 'म्हणजे काय मॅडम, आठ कोसावर तर आहे. लिंबाला लिंब नाही तर काय म्हणायचं?' मी कप ठेवला आणि घरी निघून आले. आजारी आहे असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. प्रत्येक नोंदीत चौथा रकाना आहे, बुंध्याचा घेर. लिंब-१, दोनशे दहा सेंटिमीटर. लिंब-२, एकशे नव्वद. उन्मेष, दोन मीटर घेराचं सरबताच्या लिंबाचं झाड जगाच्या पाठीवर कुठे असतं का रे? तू सगळं लिहून ठेवलं होतंस. मी पहिला रकाना आणि शेवटचा रकाना बघितला, मधलं काही वाचलंच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ते मी. त्या दिवशी माझ्या खोलीत आपण दोघं एकच शब्द बोलत होतो आणि दोघांच्या डोळ्यांपुढे झाड वेगळं होतं. पण शब्दावर सगळं ढकलून मला सुटता येणार नाही. एकदा, फक्त एकदा, 'चल, झाड दाखव' म्हटलं असतं तर पन्नास पावलांवर उत्तर उभं होतं. मी म्हटलं नाही, कारण मला खात्री होती. तुझ्या जागी दिल्लीतला, फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा असता तर मी गेले असते झाडापाशी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

गेल्या आठवड्यात मी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. आपल्या निबंधात कडुनिंबापुढे 'माहिती अपुरी' असं छापलंय, आणि अडतीस रीडिंग्ज कपाटात पडून होती. त्यात चूक माझी आहे हे स्पष्ट लिहिलंय. शिवांगी आणि चिन्मय दोघांनाही फोन करून सांगितलं. चिन्मय म्हणाला, 'मॅडम, हमें तब बोलना चाहिए था.' निबंधात तुझं नाव घालायचं तर तुझी सही लागते. कागद सोबत आहे. नाही केलीस तरी तुझा हक्क आहे, आणि दुरुस्ती तरीही छापली जाईल.

एवढंच असतं तर ते तुला पुढेमागे छापून आलेलंच वाचायला मिळालं असतं, हे पत्र लिहिण्याची गरज नव्हती. राघव म्हणाला, तू इथून गेल्यावर पुण्यात, बंगळुरात आणि मोहालीत अर्ज केलेस, मुलाखती उत्तम झाल्या आणि पुढे तिन्हीकडून काहीच आलं नाही. तू त्याला म्हणाला होतास की आपलीच लायकी नव्हती बहुतेक. उन्मेष, त्या तिन्ही ठिकाणांहून मला फोन आले होते. तिघांनाही तू पसंत होतास, फक्त माझ्याकडून एकदा खात्री करून घ्यायची होती. मी तिघांनाही म्हटलं, 'मुलगा हुशार आहे, पण त्याच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.' हे त्या तिघांखेरीज फक्त मला माहीत आहे, आणि मी सांगितलं नसतं तर तू जन्मभर स्वतःलाच कमी समजत राहिला असतास. तुझी लायकी होती. तुझी वाट मी अडवली.

क्षमा मागायचाही अधिकार न उरलेली,
तुझी
उत्तरा