शेवटचा फर्मा

११ नोव्हेंबर २००३, बडोदे

आज प्रेसमधून एक पुस्तक उचललं. चोरलं नाही — शेठला विचारून!

पोरांच्या गोष्टींचं काम आलंय बाइंडिंगला. एकात बाप दारू पितो, एकात आई दुसरं लग्न करते. पोरांची असली पण पुस्तकं असतात? आपण नुसत्या घड्या मारायच्या, वाचतो कोण. पण एका कव्हरवर मुलीचं चित्र, आणि ओठाशेजारी पांढरा डाग. कोड! डिट्टो माझी धाकटी बहीण, दर्शू.

शेठ म्हणाले, कव्हर कसं दिसतं ते बघायला केलेली प्रत ती, ले जा. खोलीवरचा धोंडू उद्या आमच्या गावाकडं, पोलादपूरला निघालाय, त्याच्याकडे दर्शूसाठी दिली. निम्मं वाचलं मी, बोट ठेवून ठेवून. त्या मुलीशेजारी शाळेत कुणी बसत नाही. वाईट वाटलं. पण शेवट चांगलाच असणार. पोरांचं पुस्तक ते.

१५ नोव्हेंबर

गावात येसाजीकाकाच्या दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतलं. तुळशीची लग्नं झाली, आता माझं बघतायत. मुलगी बिरवाडीकडची. आधीची दोन स्थळं दर्शूचं तोंड बघून उठून गेली — "घरात कोड हाय." म्हणून या वेळी पाहुणे येतील तेव्हा तिला गोठ्यात बसवायची. आणि दुसऱ्या दिवशी आश्रमात. घाटावर कुठंतरी आहे म्हणे. आबांनी बघितलेला नाही, आईनं तर नावपण ऐकलेलं नाही.

"तुझं लगीन होईस्तोवर. मंग बघू. तू काय म्हंतोस?"

"तुमी बघा," म्हटलं. फोनवर काय बोलणार!

आबा लगेच कुणाला तरी ओरडले — "बघ! तुजा दादा पन हो बोलला."

दर्शू तिथंच उभी होती.

१६ नोव्हेंबर

झोप नाही. अकरा वर्षांची आहे ती. शाळेत नाव प्रियदर्शिनी. गुरुजींनी हौसेनं ठेवलेलं.

१८ नोव्हेंबर

धोंडू आला. बिरवाडीच्या मुलीचा फोटो आणला. चांगली आहे! शर्टाच्या खिशात ठेवला, दिवसभर हात तिकडंच जातोय.

धोंडू म्हणतो, "तुझी बहीण पुस्तक उशाला घेऊन झोपते. लय गप झालीय रे." दर्शू आणि गप? कोंबड्यांशीपण भांडणारी पोरगी ती!

१९ नोव्हेंबर

प्रेसवर आईचा फोन! आई आपणहून कधी फोन करत नाही.

"दर्शू मला वाचून दावते रं. भाकऱ्या टाकताना. ती पोरगी निघाली घरातनं. मी नसले की समद्यांचं बरं व्हईल म्हंते. म्होरं काय झालं?"

"होईल चांगलं. पुढं वाच म्हणावं तिला."

"म्होरं कायच नाय."

दर्शूला कंटाळा आला असेल, म्हटलं. मग मधेच — "वीर टेसनावरनं बडोद्याला गाडी हाय का रं?"

"कोण येतंय?"

"दर्शू इचारत व्हती."

सांगितलं, दिव्याला उतरून बदलायला लागते. पाठीमागून येसाजीकाका — "गोदूवैनी, फोन हाय तो! नदीवरचं धुनं नाय!" हसू आलं.

आता हसू येत नाही. गाडी कशाला विचारते पोरगी?

२१ नोव्हेंबर

आज छपाईतून त्याच पुस्तकाचा तिसरा फर्मा आला. सोळा पानं. शेठला म्हटलं, हे तर झालेलं ना? ते म्हणाले, अरे, तुला दिलेल्या प्रतीत दोनच फर्मे होते. कव्हर बघायला केलेली ती.

म्हणजे बत्तीस पानं. बत्तिसाव्या पानावर ती पोरगी बाहेरून कडी लावते आणि अंधारात स्टेशनाकडं निघते. तिथंच संपलं. दर्शूकडं तिथंच संपलं!

उभ्याउभ्या वाचला फर्मा. तिची आई अनवाणी धावत येते. पोरीला घरी नेते. सगळ्यांसमोर तिच्या ताटात जेवते. डॉक्टर सांगतो, हे कुणाला लागत नाही. सगळं या सोळा पानांत! आणि ती माझ्या हातात!

दुकानात फोन केला. येसाजीकाका म्हणाले, "आज पाव्हनं हायत तुमच्याकडं. नंतर कर."

"दर्शूला बोलवा, काका!"

"ती गोठ्यात हाय. उद्या सकाळी न्यायची ना तिला."

"निदान सांगा तरी, की गोष्ट संपली नाय..."

"कसली गोष्ट?" काकांनी फोन ठेवला.

२२ नोव्हेंबर

सकाळपासून फोन उचलत नाही कुणी. कटिंग मशीनमध्ये बोट जाता जाता वाचलं. खिशातला फोटो काढून ट्रंकेत टाकला. दोन अक्षरं बोललो असतो तर. नको म्हणून.

संध्याकाळी लागला. येसाजीकाकाची पोरगी होती. "दर्शू नाय सापडत. समदे हिरीकडं गेल्यात."

विहिरीकडं!

२३ नोव्हेंबर

पहाटे शेठच्या घरी आबांचा फोन, मला बोलावून घेतलं. आवाज ओळखू येईना.

"हिरीत कोन नाय. हर्षद... तुजी आय पन नाय रं. म्हशीचं दावं हातातनं टाकून तशीच गेली. चपला हितंच."

फर्मा खिशात घातला. स्टेशनवर निघालो. वीरची गाडी, दिव्याला बदलायचं, आईला मीच सांगितलेलं. आई महाडच्या पलीकडं कधी गेलेली नाही.