मनासेचा चेंडू

सोमवार, ८ नोव्हेंबर १९५४
आधी आली ती शेजारची फ्लोरा, पाहुणे तिच्या मागून. बातमी आपल्याला आधी कळावी एवढ्यासाठी ती चप्पल न घालता आली. पाहुणे म्हणजे मुंबईच्या एका गिरणीच्या हॉकी टीमचे कोच. माझ्या नातवाला, मनासेला बघायला आले. टीममध्ये घेतलं तर गिरणीत नोकरी, म्हणजे पोरगा इथेच राहील. नाहीतर त्याचा जोसेफमामा डिसेंबरात बोटीने इस्रायलला चाललाय, याला बरोबर नेतो म्हणतो. तिकडे याला भात कोण कालवून देणार? सतरा वर्षांचा तर आहे.
मनासेने चेंडू स्टिकला चिकटवून रांजणाभोवती फिरवला, बाजेखालून काढला. कोच म्हणाले, हात छान आहे, पण अंगण म्हणजे मैदान नव्हे, रविवारी मॅच बघतो. निवडल्यासारखंच झालं.

मंगळवार, ९
अंगणात प्रॅक्टिस. समोरच्या विठूने मनासेचा चेंडू काढला. मी लाटणं दाखवलं, मुकाट परत दिला. म्हणतो, आजी, हॉकीत चेंडू काढूनच घ्यायचा असतो. वळण नाही पोराला. आमच्या अंगणात आजवर मनासेकडून कोणाला चेंडू नेता आलेला नाही.

गुरुवार, ११
मनासे निवडला गेला तर आमच्या प्रेषिताला, एलियाहू हनाबीला मलिदा करीन असा नवस होता. आज करूनच टाकला. पोहे, गूळ, भरपूर खोबरं. फ्लोरा म्हणते, अगं, काम झाल्यावर नवस फेडतात. मी म्हटलं, मागून घाई होते. शिवाय आता एलियाहूंनाही माघार घेता येणार नाही. तिने दोनदा वाढून घेतला.

रविवार, १४, संध्याकाळ
काल शनिवार, आमचा शब्बाथ, त्या दिवशी कामाला सुट्टी, म्हणून लिहिलं नाही.
उरणच्या टीमशी मॅच झाली. मनासेने चेंडू सुरेख फिरवला. पास कोणाला दिला नाही, का द्यावा? उरणच्या एका पोराने तो अलगद काढून नेला. मग दुसऱ्याने. मग पुन्हा पहिल्याने. तेव्हा मात्र मी उठले. मैदानात थोडीशीच गेले, छत्री घेऊन. चेंडू परत दे एवढंच म्हटलं. दिला बिचाऱ्याने. पंचाने शिट्टी वाजवली, माझ्या मानासाठी असेल.
कोच घरी चहाला आले. म्हणाले, आजी, याच्याकडून चेंडू तुम्ही कोणाला घेऊच दिला नाहीत, मग हा द्यायला कधी शिकणार? मी पुऱ्या पुढे केल्या. खाल्ल्या त्यांनी. म्हणाले, अजून एकदा बघतो, पण आजीने घरी बसायचं. उन्हाचा मला त्रास होईल म्हणून असेल.
ते गेल्यावर मनासे स्टिक पुसत बसला. वर न बघता म्हणाला, आजी, घरीच राहा गं. मला नाही जायचं मामाबरोबर.
उद्यापासून विठूला अंगणात बोलावलंय. चेंडू काढ म्हटलं. हळू काढ, हेही म्हटलं. लाटणं फ्लोराकडे ठेवायला दिलं.
पाहुणे रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या एसटीने येतो म्हणाले.