समोरची खोली दोघींना

चिरंजीव,

कोणाला खरं वाटणार नाही, पण तुझा होकार घ्यायला सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागली होती. घड्याळदुरुस्तीची तुझी खोली तू ताईला शिकवणीसाठी दिलीस आणि बायकोला शिवणयंत्रासाठीही. संध्याकाळी दोघी सामान लावणार आहेत. सूनबाईच्या एनिअग्रामच्या पुस्तकातल्या नऊ स्वभावांत तू नववा, शांतिदूत. सगळ्यांचं मन राखतो आणि स्वतःला काय हवंय तेच विसरतो. अरे, मग घड्याळं काय माझ्या डोक्यावर मांडणार? आज तोंड उघड. मी बागेत जाऊन बसतोय, मिटवायला येणार नाही. मी जन्मात कोणाला तोंडदेखलं हो म्हटलेलं नाही.

तुझी लेक खांद्यावरून वाचतेय. म्हणते, "आजोबा, काल आत्याला हो म्हणून त्या खोलीची चावी तर तुम्हीच दिलीत."